जगण्यापुरती जागा

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास जपानमधील कोबे शहर भूकंपाने हादरले आणि सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. उंच महामार्ग आडवे झाले, पण किटानो भागातील जुनी मशीद उभी राहिली. १९४५ च्या बॉम्बवर्षावात भोवतालची वस्ती जळाली, तेव्हाही ती तगली होती. या वास्तूच्या चिवटपणाचे कौतुक होतेच. ती उभारणाऱ्यांचीही आज आठवण व्हावी.

१८९३ मध्ये एका जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई ते कोबे आगबोट सुरू केली. कापसाच्या गाठींपाठोपाठ व्यापारीही त्या वाटेने गेले. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या अनेक हिंदी व्यापाऱ्यांनी कोबे गाठले. रशियन क्रांतीनंतर देशोधडीला लागलेले मुस्लिम तातारही तेथे आले होते. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या या हिंदी आणि तातार मुस्लिमांनी वर्गणी जमवून १९३५ मध्ये ही मशीद उभी केली. जपानमधील पहिली मशीद म्हणून ती ओळखली जाते.

परमुलखात अशी वास्तू नमाजापुरती राहत नाही. रमजानचा इफ्तार, ईदची गळाभेट, निकाह, मुलांचे कुराणपठण, नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला हलाल मटणाचे दुकान दाखवणे, सारे तिथेच चालते. गणपती बसवणाऱ्या परदेशस्थ मराठी मंडळांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

प्रश्न पुढचा आहे. जपानमध्ये जवळपास सर्वच मृतांचे दहन होते. मुस्लिमांना दफन हवे आणि त्यासाठीच्या जागा मोजक्या. ओइता प्रांतातील हिजी गावात दफनभूमीचा प्रस्ताव आला, तेव्हा पाणी दूषित होईल म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला आणि वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. पाण्याची काळजी खोटी ठरवण्याचे कारण नाही. पण भूजलाची तपासणी करता येते, विहिरींपासूनचे अंतर ठरवता येते. तपासणीनंतरही नकारच मिळत असेल, तर अडचण पाण्याची उरत नाही.

म्हातारा होत चाललेला जपान आज परदेशी कामगारांवर विसंबून आहे. त्यांचे श्रम हवेत, कर हवेत, मग त्यांच्या देहाला साडेतीन हात जमीनही द्यायला हवी. प्रार्थनेला परवानगी देऊन कोणताही देश या जबाबदारीतून मोकळा होत नाही. कोबेच्या निमित्ताने जपानकडे ही अपेक्षा व्यक्त करताना आपणही आपल्या शहरांकडे पाहावे: पोटासाठी इथे आलेल्यांना आपण राहू देतो, पण त्यांच्या अखेरच्या संस्कारांची सोय लावतो का? परदेशातील आपल्या माणसांसाठी जे मागतो, ते इथे आलेल्यांना नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.