छंदघर : माशांवर पांढरे ठिपके दिसले तर...

मंडळी, मुलांच्या हट्टापायी आपल्यापैकी काहींच्या घरी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी आली आहे. आमच्याही आहे. माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले आणि तो दगडांना अंग घासू लागला, की समजावे, ‘मरीन इक’ आला! हा परजीवी ३ ते ७ दिवस माशावर राहतो, मग गळून तळाशी कोष करतो. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे नव्हे. कोषांतून शेकडो पिल्ले निघतात नि पुन्हा मासे धरतात.

औषध तांब्याचे, पण प्रवाळांना आणि कोळंबीला तेच विष. म्हणून आम्ही मासे तेवढे वेगळ्या, साध्या टाकीत हलवतो. औषध बाटलीवरच्या सूचनेप्रमाणेच घालायचे आणि पाण्यातले तांबे रोज किटने मोजायचे. मोठी टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची, कारण एखादा कोष ७२ दिवसांनीही फुटतो. मासाच नाही, तर पिल्लू दोन दिवसांत उपाशी मरते. मुलांना रिकामी टाकी बघवत नाही, खरंय. पण घाई केलीत तर सगळेच मासे जातील.

आणि हो, नवा मासा आणला, की आधी ४ आठवडे त्याला वेगळाच ठेवा.