फोटो नको, फाइल द्या

2024-25च्या गाळप हंगामात मी माझ्या चाचांच्या टोळीचा हिशेब वहीतून एक्सेलमध्ये आणला आणि पहिल्याच पंधरवड्यात एका जोडप्याच्या नावावर अख्ख्या टोळीची कमाई जमा करून टाकली. त्यावर सगळे हसले. दुसऱ्या पंधरवड्यात मी त्याहून वाईट चूक केली. त्यावर कोणी हसलं नाही, कारण ती कोणाला दिसलीच नाही. हा लेख त्या दुसऱ्या चुकीबद्दल आहे.

आमचं गाव नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे बीडबाहेरच्या वाचकांनी बातम्यांत वाचलेलं असेलच. चाचा मुकादम आहेत. टोळी लहान, सहा कोयत्यांची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरीच्या हिशेबात त्या दोघांचं मिळून एकच नाव असतं, आणि ते नवऱ्याचं असतं. हंगामाआधी घेतलेली उचल कामातून फेडायची. मधल्या काळात हातात पडते ती फक्त खर्ची. त्यामुळे हिशेबाच्या वहीतला आकडा म्हणजे खिशात आलेले पैसे नव्हेत. कर्ज किती फिटलं, एवढंच तो सांगतो. तो चुकला तर त्या दिवशी कोणाची चूल विझत नाही. चूक कळते एप्रिलमध्ये, घरी परतताना, किंवा पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत जावं लागतं तेव्हा.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 रुपयांवरून 366 झाला. ही वाढ संप, बैठका आणि वाटाघाटी करून मिळालेली होती. दर वाढला, आता हिशेबही नीट हवा, असं मी चाचांना म्हणालो. माझ्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे. तुमच्यातल्या बहुतेकांकडे असेल. 2001 पासून हा कोर्स गावोगाव पोचला आणि सरकारी नोकरीच्या अर्जाला लागतो म्हणून आपण सगळ्यांनी केला. मीही केला, प्रमाणपत्र लॅमिनेट केलं आणि फाइलमध्ये ठेवलं.

चाचांची वहीतली रीत साधी होती. पंधरवड्याचं बिल भागिले सगळ्यांचे मिळून कामाचे दिवस, म्हणजे दिवसाचा भाव. तो पानाच्या माथ्यावर एकदाच लिहायचा, खाली दोन रेघा ओढायच्या आणि मग प्रत्येकाचे दिवस, खाडे वजा करून, त्या भावाने गुणायचे. मला ही दोन टप्प्यांची रीत खेडवळ वाटली. मी सगळं एकाच फॉर्म्युल्यात कोंबलं.

पहिल्या पंधरवड्यात 150 टन ऊस तोडला. गुणिले 366, म्हणजे बिल 54,900 रुपये. (मुकादमाचं कमिशन वेगळं, ते यात नाही.) सहा कोयत्यांचे दिवस 14, 12, 14, 10, 14, 11, बेरीज 75. शीटमध्ये दिवस बी5 ते बी10 या सेलमध्ये आणि बिल बी2 मध्ये. पहिल्या कोयत्यासमोर मी लिहिलं:

=बी5/सम(बी5:बी10)*$बी$2

(इथे देवनागरीत लिहितोय; टाइप करताना अक्षरं इंग्रजीच.) उत्तर आलं 10,248. कॅल्क्युलेटरवर तपासलं, बरोबर. मग सेलचा कोपरा धरून खालपर्यंत ओढला, शीटचा फोटो काढला आणि टोळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

फॉर्म्युला खाली ओढला की एक्सेल त्यातली अक्षरं जशीच्या तशी उतरवत नाही. ‘बी5’ म्हणजे त्याच्या लेखी ‘माझ्या ओळीतला, इतकी घरं डावीकडचा सेल’. गावात कोणी पत्ता सांगताना म्हणावं की माझ्या घरापासून तिसरं घर. सांगणारा बदलला की घरही बदललं. हा सापेक्ष संदर्भ. एसटी स्टँड मात्र कुणीही सांगितला तरी जागचा हलत नाही. तो निरपेक्ष संदर्भ, आणि सेलला तसा जागेवर खिळवायचा तर अक्षराआधी एक आणि आकड्याआधी एक डॉलरची खूण लावायची. मी बिलाला डॉलर लावला आणि बेरजेला विसरलो. त्यामुळे प्रत्येक ओळीगणिक बेरीज एक घर खाली सरकत गेली आणि वरचा एकेक कोयता तिच्यातून गळत गेला. दुसऱ्या ओळीत भागाकार 75 ने नाही, 61 ने झाला. तिसऱ्याला 14 दिवसांचे 15,685 रुपये 71 पैसे, चौथ्याला 10 दिवसांचेही तेवढेच. शेवटच्या कोयत्याचे 11 दिवस भागिले 11. त्याला 54,900, म्हणजे पूर्ण बिल.

चाचांनी फोटो बघून एवढंच विचारलं, “मेरे कू ये बता, आकडा कहाँ से आया?” आणि मला ते सांगता येईना. पहिली ओळ बरोबर होती, हीच यातली गंमत. ओढलेल्या फॉर्म्युल्याची पहिली ओळ मुळात आपणच लिहिलेली असते, म्हणून ती नेहमी बरोबरच दिसते. आणि आपण तपासतो ती पहिलीच ओळ.

ही डॉलरची खूण कुठून आली याचं मला तेव्हा कुतूहल वाटलं. 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा व्हिसिकॅल्क हा प्रोग्राम आला. त्यात फॉर्म्युला उतरवताना प्रत्येक सेलबद्दल तो विचारायचा: हा तसाच ठेवू की सरकवू? कटकटीचं होतं, पण निदान विचारायचा तरी. 1983 मध्ये लोटस 1-2-3 ने विचारणं बंद केलं आणि फॉर्म्युल्यातच डॉलर घालायची सोय दिली. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये तीच पद्धत आहे. पैशांच्या डॉलरशी तिचा काही संबंध नाही, हे मला चाचांना तीनदा समजावावं लागलं.

आता दुसरी चूक. हसू झाल्यावर मी चवताळून बेरजेच्या सेलनाही दोन्ही डॉलर ठोकले. एफ4 दाबलं की एक्सेल ते आपोआप घालतं. काही लॅपटॉपवर एफएन धरून दाबावं लागतं, मोबाइलवर हाताने टाइप करायचे. पहिल्या पंधरवड्याचे सगळे आकडे जुळले: 54,900 भागिले 75, दिवसाचा भाव 732. मी निर्धास्त झालो.

दुसऱ्या पंधरवड्याचे दिवस शेजारच्या सी स्तंभात भरले. दोन कोप्यांत आजारपण होतं, खाडे जास्त पडले, दिवस 72. ऊस 144 टन, बिल 52,704. फॉर्म्युला उजवीकडे ओढला. बिल नवीन आहे हे लक्षात होतं, म्हणून तो सेल हाताने बदलला. पण बेरजेला मी दोन्ही डॉलर ठोकलेले होते आणि ती पहिल्या पंधरवड्यातच खिळून राहिली. नवे दिवस, नवं बिल आणि भागाकार जुन्या 75 ने. दिवसाचा भाव 732 ऐवजी 702 रुपये 72 पैसे झाला.

या वेळी एकही आकडा वेडावाकडा नव्हता. चौदा दिवस भरलेल्या कोयत्याला 10,248 ऐवजी 9,838. मी फोटो टाकला, कोणी काही बोललं नाही. सगळे कोयते मिळून 2,108 रुपये कोणाच्याच नावावर जमा झाले नव्हते. जमा न झालेला पैसा मुकादमाकडेच राहतो. माझ्या चाचांना न कळता मी त्यांना चोर केलं होतं.

ते पकडलं पहिल्या कोयत्यातल्या मावशींनी. त्यांना वाचता येत नाही आणि त्यांच्याकडे फोनही नाही. फोटोतला आकडा त्यांच्या मुलाने वाचून दाखवला. मावशी कोपीतल्या एका फळीवर कोळशाने खेपांच्या रेघा मारून ठेवतात. त्या म्हणाल्या, “का रं पोरा, मागल्या पंधरवड्याला दिसाला कोयत्यामागं दोन टन पडले, आवंदाच्याला बी दोनच. भाव त्योच, माझे दिस त्येच. मग चारशे दहा गेले कुठं?”

दीडशे भागिले पंच्याहत्तर, दोन. एकशे चव्वेचाळीस भागिले बाहात्तर, दोन. मी लॅपटॉप उघडून अर्धा तास शोधल्यावर मला ती बेरीज सापडली. बरोबर फॉर्म्युल्यात डॉलर फक्त आकड्याआधी हवा होता, सम(बी$5:बी$10), म्हणजे ओळी जागेवर राहतात आणि स्तंभ मात्र पंधरवड्याबरोबर सरकतो. बिलही तसंच, बी$2. त्याहून बरं म्हणजे चाचांची वहीची रीत: दिवसाचा भाव वेगळ्या सेलमध्ये काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. 702.72 असा आकडा माथ्यावर दिसला असता तर मलाही तो खटकला असता.

मला आता म्हणायचंय ते असं. आपल्या पिढीला अजून वाटतं की हिशेब कॉम्प्युटरवर आला म्हणजे तो स्वच्छ झाला. मुकादमाच्या वहीवर शंका घेणारा माणूस शीटच्या फोटोवर शंका घेत नाही. खरं तर वही जास्त उघडी होती. तिच्यात गुणाकार, खाडाखोड, हातचे सगळं पानावरच असायचं. शीटच्या फोटोत फक्त उत्तर असतं; ते कसं काढलं हे सेलच्या पोटात राहतं, आणि फोटोला पोट नसतं. पीडीएफचंही तेच. म्हणून मागायचीच असेल तर फाइल मागा. सेलवर टिचकी मारली की वरच्या पट्टीत फॉर्म्युला दिसतो. बघायचा तो शेवटच्या ओळीतला आणि शेवटच्या स्तंभातला.

हे फक्त आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्यांच्या बाबतीत होतं असं समजू नका. 2010 मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी देशांवरचं कर्ज आणि विकासदर यांवर एक निबंध लिहिला. काटकसरीची धोरणं रेटणाऱ्या राजकारण्यांनी त्याचा आधार घेतला. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला तेच आकडे काही केल्या जुळवता येईनात. त्याने लेखकांकडे शीट मागितली, त्यांनी ती दिली, आणि त्याला दिसलं की सरासरीचा फॉर्म्युला 20 पैकी 5 देशांपर्यंत पोचलाच नव्हता. निबंधावर त्याचे इतरही आक्षेप होते आणि आकड्यांतला मोठा फरक त्या आक्षेपांमुळे पडत होता, हेही सांगायला हवं. पण ही चूक छापलेल्या निबंधात तीन वर्षं कोणाला दिसली नव्हती. फाइल हातात आल्यावर दिसली.

आपल्या वस्तीत पाहा. मशिदीच्या कमिटीचा चंदा, बचत गटाचं व्याज, शिष्यवृत्तीची यादी, ईदच्या किटचं वाटप, सगळं आता शीटवर आहे आणि ग्रुपवर फोटोच येतो. रमजानमध्ये जकातीची तयार शीट फिरते. निसाब साडेबावन्न तोळे चांदीचा, म्हणजे 612.36 ग्रॅम, हे वजन बदलत नाही, चांदीचा भाव रोज बदलतो. भाव एका सेलमध्ये असतो. त्याला डॉलर न लावता फॉर्म्युला खाली ओढलात तर दुसऱ्या ओळीपासून भाव रिकाम्या सेलमधून येतो, निसाब शून्य होतो, आणि ज्याला जकात मिळायला हवी त्याच्याच नावापुढे अडीच टक्के लागतात.

सरकारी कार्यालयांचं म्हणाल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात माहितीच्या अधिकाराची व्याख्या करतानाच इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती मिळवणं त्यात धरलं आहे. अर्जात ‘प्रत’ एवढंच लिहिलंत की स्कॅन केलेले कागद येतात. ‘संगणकात आहे त्याच मूळ स्वरूपात फाइल’ असं लिहीत जा.

मुकादमाला हा कायदा लागू नाही. तिथे सांगूनच करून घ्यावं लागतं. गूगल शीट ‘फक्त बघण्यापुरती’ खुली करून ग्रुपवर लिंक टाकू या, असं मी म्हणालो तर चाचांनी साफ नकार दिला. कोणाची उचल किती हे सगळ्या टोळीला कशाला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. मुलीच्या लग्नासाठी कोणी किती घेतले, दवाखान्यासाठी कोणी किती, ही उघड्यावर मांडायची गोष्ट नाही. उचल झाकलेली असण्यात मुकादमाचं बळही असतं, हे मात्र चाचा बोलले नाहीत, मीही बोललो नाही. शेवटी दोन फाइली केल्या. उचल आणि खर्ची चाचांकडे. टन, दिवस, दर आणि वाटप सगळ्यांना खुलं. मला यात अर्धंच समाधान आहे. टोळीतल्या सहाही बायकांपैकी एकीकडेही स्वतःचा फोन नाही, आणि दिवस तर त्यांचेही मोजलेले आहेत.

ते 2,108 रुपये त्याच आठवड्यात ज्याच्या त्याच्या नावावर जमा केले. मावशींच्या 410 साठी चाचांनी वहीत वेगळी ओळ लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या. शीटच्या तळाशी मी आता एक सेल वाढवला आहे: बिल वजा वाटपाची बेरीज. तिथे शून्य यायला हवं. पंधरवडा भरला की मावशी मुलाच्या फोनवरून मला कॉल करतात. ख्यालीखुशाली नंतर, आधी विचारतात, “शून्य आलं का रं?”