खाती जोडली, खातेदाराचे काय?

आधार योजनेचा देशातील प्रारंभ खानदेशात झाला. 29 सप्टेंबर 2010 रोजी ज्या टेंभलीत पहिले क्रमांक दिले गेले, ते गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असले तरी 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. एका क्रमांकाने माणसाची ओळख पटली की सरकारी खाती आपसांत माहिती जुळवून घेतील, अशी तेव्हाची अपेक्षा होती. त्यानंतर दीड दशकाने जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला 'फार्मर आयडी' हा आणखी एक क्रमांक घ्यावा लागला. 15 एप्रिल 2025 पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. पहिल्या क्रमांकाने काम का भागले नाही?

2017 च्या कर्जमाफीत याचे उत्तर मिळते. 34 हजार कोटींच्या त्या योजनेसाठी शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतले गेले, बँकांकडून कर्जखात्यांची माहिती स्वतंत्रपणे मागवली गेली आणि मग दोन्ही ताडून पाहण्याचा उद्योग सुरू झाला. ऐन दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली, पण पैसे जमा होईनात. एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावापुढे निघाला. खापर संगणकावर फुटले. वास्तविक संगणकाने फक्त जुने दुखणे उघड केले होते. सातबाऱ्यावर नाव मराठीत, बँकेत रोमन लिपीत, विकास सोसायटीच्या खतावणीत सचिवाला जमेल तसे. एकटे 'चौधरी' रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. यांतले खरे कोणते, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याच एका कार्यालयाकडे नव्हता.

डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत हा धडा बऱ्याच अंशी गिरवला गेला. अर्जाची भानगडच ठेवली नाही. आधारशी जोडलेली कर्जखाती बँकांनीच कळवली, याद्या गावात लागल्या आणि शेतकऱ्याने अंगठा देऊन रक्कम मान्य करायची, एवढेच उरले. आधार किंवा रक्कम चुकली असेल तर तक्रार कोणाकडे न्यायची, हेही ठरवून दिले होते. 24 फेब्रुवारी 2020 ला पहिली यादी लागली. दोन्ही योजनांत तंत्रज्ञानाचा फरक थोडा होता. चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी नेमून दिली गेली, हा फरक मोठा होता.

फार्मर आयडीची कसोटी याच ठिकाणी लागेल. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचा फळपीक विमा घ्या. जमीन व पिकाची नोंद महसूल खात्याची, योजना कृषी खात्याची, तापमान व वाऱ्याची मोजणी महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची, हप्ता बँकेत आणि भरपाई विमा कंपनीकडून. विम्याच्या अर्जातील क्षेत्र आणि ई-पीक पाहणीतील नोंद यांत तफावत निघाली की दावा अडतो. तलाठी कृषी सहायकाकडे बोट दाखवतो, कृषी सहायक कंपनीकडे आणि कंपनीचा प्रतिनिधी पोर्टलकडे. पोर्टलशी भांडणार कोण?

एक बाब मात्र मान्य करायला हवी. वसुलीच्या वेळी ही खाती झटपट जुळतात! पीएम-किसानचे हप्ते 2019 पासून वाटले गेले, तेव्हा प्राप्तिकर भरणारे वेळीच वेगळे काढता आले नाहीत. पुढे माहिती जुळली आणि तहसील कार्यालयांतून परतफेडीच्या नोटिसा निघाल्या. अपात्रांना वगळणे योग्यच. पण तोच उत्साह चुकून वगळलेल्या पात्रांसाठी दिसत नाही.

साक्री आणि शिरपूरच्या आदिवासी पट्ट्यात प्रश्न आणखी अवघड आहे. 2006 च्या वन हक्क कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, तरी जमीन वनखात्याचीच राहते. त्यामुळे सातबाऱ्यावरील खातेदार हाच शेतकरी, असे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेत हा माणूस सहजी बसत नाही. वारस नोंद रखडलेल्या कुटुंबांची गतही तीच. शेत मुलगा कसतो आणि उतारा मृत वडिलांच्या नावे. या नोंदी दुरुस्त करण्याचे काम तालुक्याला एका अधिकाऱ्याकडे, मुदत घालून, द्यावे लागेल. ते जोपर्यंत होत नाही, तोपर्यंत एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात पोहोचवण्याचे काम शेतकरीच एसटीच्या तिकिटाचे पैसे मोजून करीत राहणार.