कोळीमानव मराठीत बोलला, पुढे काय?

"मुलांना हिंदी समजतं की! मग मराठी डबिंग हवंय कशाला?"

हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की आता तो प्रश्न वाटतच नाही, सुविचार वाटतो. विचारणारे मराठीचे वैरी नसतात. दिवाळी अंक विकत घेणारे, संमेलनाला आवर्जून जाणारे, मुलांची नावं शोधून शोधून अस्सल मराठी ठेवणारे सज्जन असतात. म्हणूनच भांडण त्यांच्याशी आहे. वैऱ्याशी भांडून उपयोग नसतो, तो ऐकत नाही.

विषय आहे अॅनिमेशनच्या चित्रपटांचा, आणि त्यातही त्यांच्या पुढच्या भागांचा, ज्यांना सीक्वेल म्हणतात. हसू नका. पाच वर्षांच्या नातीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळं घर एका रांगेत बसून बघतं, असा चित्रपटाचा प्रकार आता जवळजवळ हाच उरलाय. मुलं पात्रांच्या धडपडीला हसतात, मोठी माणसं संवादातल्या खोचेला. पुढच्या भागाची गंमत तर आणखी वेगळी. पात्रं आधीच घरची झालेली असतात. पहिला भाग पाहताना चार वर्षांचं असलेलं पोर दुसरा येईपर्यंत दहा वर्षांचं होतं. 'फ्रोझन' २०१३ चा, 'फ्रोझन २' २०१९ चा. म्हणजे अख्खं बालपण मधे गेलं. त्या बालपणात ती पात्रं ज्या भाषेत बोलली, ती त्या मुलाची कल्पनेची भाषा झाली. ही भाषा कुठली असावी, हे आपण ठरवतो का? मुळीच नाही. दुसरं कुणीतरी ठरवतं आणि आपण तिकीट काढतो.

'फ्रोझन २' भारतात आला तेव्हा हिंदीत एल्साला प्रियांका चोप्राचा आवाज होता आणि अॅनाला परिणीतीचा. तमिळ एल्सा श्रुती हासन, तेलुगू एल्सा नित्या मेनन. मराठी एल्सा नव्हतीच. डिसेंबर २०२४ मध्ये 'मुफासा' आला. हिंदीत शाहरुख खान, तेलुगूत महेश बाबू, तमिळमध्ये अर्जुन दास. मराठी सिंहाला पुन्हा जंगलात जागा नाही.

आता आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, तेलुगू ८ कोटी ११ लाख, तमिळ ६ कोटी ९० लाख. कन्नड आणि मल्याळम दोन्ही एकत्र केल्या तरी आकडा मराठीच्या खालीच राहतो. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये 'अवतार'चा दुसरा भाग कन्नडमध्ये आला, मल्याळममध्ये आला, मराठीत आला नाही. म्हणजे प्रश्न संख्येचा नाही. तमिळ माणूस तमिळ मागतो, आणि मराठी माणूस "चालेल हो हिंदी" म्हणतो, प्रश्न एवढाच आहे.

पण एकदा आपण न मागताही मिळालं होतं. जून २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन: अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा अॅनिमेशनपट, म्हणजे २०१८ च्या ऑस्करविजेत्या चित्रपटाचा पुढचा भाग, भारतात इंग्रजी धरून दहा भाषांत लागला. हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, बंगाली, गुजराती, पंजाबी, आणि होय, मराठी! त्यात एक भारतीय कोळीमानव आहे, पवित्र प्रभाकर. २००४ च्या कॉमिकमधून आलेला हा मुलगा मुंबई आणि मॅनहॅटनची भेळ करून बनवलेल्या 'मुंबाट्टन' शहरात राहतो. 'चाय टी' म्हणणाऱ्या पाहुण्याला चाय म्हणजेच टी असं ठणकावून सांगतो. हिंदी आणि पंजाबीत त्याला शुभमन गिलचा आवाज होता, आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती गिलची. जागतिक दर्जाचा एक चित्रपट मराठीतही आलाय, याचा गवगवा ना कुठल्या साहित्य संस्थेने केला, ना मराठीच्या नावाने रस्त्यावर उतरणाऱ्यांनी. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर लहान दिसलं की ज्यांचं रक्त उसळतं, त्यांना मराठी बोलणारा नायक दिसलाच नाही.

या चित्रपटाचं मराठीत येणं मला आणखी एका कारणाने मोलाचं वाटतं. नायक माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कचा मुलगा. आई पोर्तो रिकोची, घरात स्पॅनिश बोलणारी. शाळेत समुपदेशक बाई आईवडिलांना बोलावून घेतात तेव्हा कळतं की चिरंजिवांना स्पॅनिशमध्ये 'बी' श्रेणी मिळालीय. आई तिथेच भडकते. घरची भाषा आणि तिच्यातच मागे? सगळं थिएटर हसतं. पण त्या हसण्यात आपल्याकडच्या आईबापांनी थोडं अस्वस्थ व्हायला हवं. शाळेची, रस्त्याची, मित्रांची भाषा एक आणि आईची दुसरी, अशा पोराची ही गोष्ट आहे. ती गोंयच्या घराघरातली गोष्ट आहे. आणि इथून शेकडो मैलांवरच्या बुऱ्हाणपूरचीही.

बुऱ्हाणपूरचं नाव मधेच कुठून आलं? माझी मावसबहीण तिथे दिलेली आहे, म्हणून ते गाव मला थोडंफार माहीत. भुसावळहून रावेर मागे टाकलं की महाराष्ट्र संपतो आणि थोड्याच वेळात तापीकाठचं हे शहर येतं. आपल्या जुन्या लिखाणातलं बऱ्हाणपूर ते हेच. केळीच्या बागा इकडेही त्याच आणि तिकडेही त्याच. रेघ कागदावर ओढलेली. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच निमाडही होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे आला आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. या शहराला अनेक भाषांची सवय जुनी आहे. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. सोळाव्या शतकातल्या फारुकी सुलतानाला वाटलं की इथल्या माणसाला त्याच्या परिचयाच्या लिपीतही काहीतरी दिसावं. एकविसाव्या शतकातल्या वितरकाला तसं वाटत नाही.

बहिणीच्या घरी सासूबाई खानदेशी वळणाचं गोड मराठी बोलतात. नातू हिंदी माध्यमात शिकतो. आजीला तो कळतो आणि त्याला आजी कळते, भांडण काहीच नाही. पण पोराने 'मुफासा' पाहिला आणि घरी येऊन आजीला गोष्ट सांगायला बसला, ती पूर्ण हिंदीत. सिंह कसा वाहून गेला, भाऊ कसा उलटला, सगळं. आजी मराठीत "हं, मग?" म्हणत होती. तो मुद्दाम हिंदीत सांगत नव्हता. ती गोष्ट त्याच्याकडे मराठीत नव्हतीच. त्याच्या मराठीत जेवण आहे, आंघोळ आहे, ओरडा आहे. त्याच्या मराठीत साहस नाही. भाषा अशीच मरते, मंडळी. ती बंदी घालून मरत नाही, स्वयंपाकघरापुरती उरून मरते.

चित्रपट म्हणजे चार घटकांची करमणूक, त्यावर एवढं काय लिहायचं, असं म्हणणाऱ्यांनी तर बुऱ्हाणपूरकडे बघावंच. २०२५ मध्ये 'छावा' आला. संभाजीराजांच्या काळातली १६८१ ची बुऱ्हाणपूरची स्वारी त्यात दाखवलीय. ती पाहून त्या मार्चमध्ये असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री बॅटऱ्या घेऊन सोनं शोधायला खणत होते! एका चित्रपटाने शेतं खणायला लावली. तो पोरांच्या मनात काही पेरत नसेल, असं मानायचं? आणि हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीवरून केलेला, बोलतो मात्र हिंदी. त्याच मार्चमध्ये तो तेलुगूतही लागला.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला, "डबिंग हास्यास्पद वाटतं." वाईट केलं की वाटतंच. वाईट नाटकही हास्यास्पद वाटतं, म्हणून रंगभूमी बंद करत नाहीत. १९९३ मध्ये दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं. मूळ मालिका जपानी. गुलजारांनी शीर्षकगीत लिहिलं, नाना पाटेकर शेरखान झाले, आणि ती मालिका जपानी आहे हे अर्ध्या देशाला कळलंसुद्धा नाही. २०१६ च्या चित्रपटातही हिंदी शेरखान नानाच. 'लायन किंग'चा हिंदी टिमॉन श्रेयस तळपदे, २०१९ मध्येही आणि २०२४ मध्येही. बघा, गळा आपला, हुकमत आपली, आणि भाषा तेवढी दुसऱ्याची! हीच माणसं मराठीत बोलली तर हास्यास्पद होतील काय? शिवाय अॅनिमेशनमध्ये ओठ जुळत नाहीत ही तक्रारही लंगडी. त्या प्राण्यांचे आणि बाहुल्यांचे ओठ मुळात कुठल्याच भाषेचे नसतात.

दुसरा, "डबिंग आलं तर मराठी चित्रपट मरेल." ही भीती कर्नाटकात अनेक वर्षं जपली गेली. डबिंगवर अघोषित बंदीच होती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने ती अडवणूक चुकीची ठरवली. मग कन्नड चित्रपट बुडाला का? त्यानंतरच २०१८ मध्ये 'केजीएफ' आणि २०२२ मध्ये 'कांतारा' आला, आणि दोन्ही डब होऊन देशभर चालले. 'केजीएफ'च्याच होंबाळे कंपनीने २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह' हा अॅनिमेशनपट सादर केला. दार उघडल्यावर पाहुणे आत येतात तशी घरची माणसंही बाहेर पडतात.

तिसरा आक्षेप जरा वजनदार. "परक्याचं कशाला? आपलं करा." करा ना! २०१८ मध्ये 'प्रभो शिवाजी राजा' हा मराठी अॅनिमेशनपट आला होता, आणखी यावेत. पण उसनं घेऊन आपलं करण्याची आपली परंपरा विसरू नका. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणेही लिहिला. पुलंनी शॉचं 'पिग्मॅलियन' घेऊन 'ती फुलराणी' केली, ती कुणाला परकी वाटते? आणि मुलांबरोबर मोठ्यांनाही धरून ठेवणारं आपल्याकडे होतंच. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ मध्ये वैभव मांगल्यांनी ती पुन्हा उभी केली, तेव्हा पोरांना घेऊन आलेले आईबापच जास्त हसत होते. या ताकदीचे संवाद लिहिणारे आणि बोलणारे मराठीत आहेत. त्यांना काम द्यायला कुणी नाही.

आता गोंयकार वाचक म्हणतील, "आम्ही घरी कोंकणी बोलतो. आमका मराठी डबिंगाचें कितें?" कोंकणीत असे चित्रपट आले तर मी पहिल्या खेळाला जाईन, त्यात वाद नाही. पण गोव्यात मराठी आली कुठून ते आठवा. ती कानांनी आली. कीर्तनातून, भजनातून, जत्रेच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकातून. वाचन नंतर आलं. आज आपल्या पोरांना पहाटेपर्यंत नाटकाला कोण बसवतो? सरकारी मराठी प्राथमिक शाळांचे पट आटत चाललेत. कान भरणारं सगळं हिंदी नाहीतर इंग्रजी. बुऱ्हाणपूरच्या पोराला निदान मराठी आजी आहे. आपल्या पोराची मराठी तर ऐकण्यावरच उभी होती, आणि ऐकायचंच बंद झालं तर १९८७ च्या राजभाषा कायद्यातली मराठीची जागा घेऊन काय करायचं? कायद्याने अर्ज मराठीत लिहिता येतो. पोराला स्वप्न मराठीत पडत नाही.

मी सरकारी कारकून. वीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय. अर्ज आल्याशिवाय फाईल उघडत नाही. अन्याय कितीही ढळढळीत असो, आवक नोंदवहीत क्रमांक पडला नाही तर तो झालेलाच नसतो. चित्रपट कंपन्याही आपल्यापेक्षा वेगळ्या नाहीत. मराठीची मागणी नोंदलेलीच नाही, मग खेळ कुठून लागणार? तिकीट खिडकीवर "मराठीत आहे का?" हे तीन शब्द विचारायला पैसे पडत नाहीत. मराठी चित्रपटांना अनुदान देणाऱ्या महाराष्ट्र सरकारने मुलांच्या उत्तम चित्रपटांच्या मराठी डबिंगलाही चार पैसे द्यावेत. पणजीला २००४ पासून इफ्फी भरतो. तिथे जगभरचे चित्रपट आणणाऱ्यांनी एखाद्या सकाळी सरकारी शाळांतल्या मुलांना मराठीत डब केलेला एखादा अॅनिमेशनपट दाखवावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली, पेढे वाटून झाले. अभिजात भाषेत पोरांना हसता येऊ नये, असा काही नियम त्या आदेशात नाही.

स्पायडर-व्हर्सचा तिसरा भाग घोषणेप्रमाणे २०२७ मध्ये यायचा आहे. दुसरा मराठीत आला होता. तिसरा मराठीत आला नाही, तर कंपनीला शिव्या देणारे लेख येतील. ते मी वाचणार नाही. त्याआधी विचारलं होतं का, एवढंच लिहिणाऱ्याला विचारीन.