पश्मिन्याच्या मुलखात जायचे तर

हिवाळा आला की परभणीच्या बाजारात ‘पश्मिना’ नावाच्या शालींचे गठ्ठे उतरतात. काही वर्षांपूर्वी मीही परगावच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या जबानीवर असा गठ्ठा घेतला. एका गुरुजींनी मुलीच्या लग्नासाठी शाल नेली आणि महिन्याभरात परत आणली. धागा जाळून पाहिला. केस जळाल्याचा वास नाही. वितळून कडक गोळी झाली. ॲक्रिलिक! पैसे परत केले, पण मान खाली गेली ती गेलीच. तेव्हाच ठरविले, हा माल जिथे पैदा होतो तो मुलूख डोळ्यांनी पाहायचा.

तो मुलूख म्हणजे लडाखमधील चांगथांगचे पठार. उंची चौदा हजार फुटांच्या वर. तेथील चांगपा लोक याकच्या केसांच्या तंबूत राहतात व चाऱ्यामागे शेळ्या घेऊन फिरतात. शेळीच्या पोटकेसांतून वर्षाकाठी साधारण पाव किलो लोकर निघते. साफ केल्यावर निम्मीही उरत नाही. मग दोन-चारशे रुपयांत पश्मिना कसा मिळेल, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

सहल कंपन्या सरोवराकाठी फोटो काढून परत आणतात. तो झाला रेडिमेड कपडा. आम्हाला हवा माप घेऊन शिवलेला. पण माप कोणाचे घ्यायचे? माझ्या मते आपले नव्हे, चांगप्यांचे. आपल्या शेतात मेंढ्या बसवायच्या तर शेतकरीच धनगराची वाट पाहतो. तोच कायदा तिथे. लोकर फणीने विंचरतात ती जून-जुलैत. आपल्याकडे शाळेच्या गणवेशांची गर्दी सरलेली असते, कापूस घरात यायचा असतो. म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा दोघांच्याही सोयीचा.

परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, तेथून विमानाने लेह. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. तेथे किमान दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. मग उपशी, चुमाथांगमार्गे त्सो मोरीरी सरोवराकाठचे कोरझोक. उन्हाळ्यात त्या बाजूला तंबू पडतात. स्थानिक वाटाड्या आधी ठरवावा. तंबूत जाण्यापूर्वी त्याच्यामार्फत इजाजत घ्यावी, आणि पाहुणचार घेतला तर मोबदला द्यावा.

तंबूत बसून लोकरीचा मोलभाव मात्र करू नये. भाव ठरविणारा तिथे नेहमी दुसराच राहिला आहे. 1684 च्या तिंगमोसगंग तहाने ही लोकर खरेदीचा मक्ता काश्मीरकडे गेला होता. आजही मेहनत थंडीतली आणि मोठा नफा शहरातला. म्हणूनच खारनाकची कित्येक कुटुंबे शेळ्या विकून लेहजवळ मजुरीला आली. शाल घ्यायचीच तर लेहमध्ये पावतीनिशी घ्यावी. कोणी शहातूश दाखविली तर हात लावू नये. चिरूला मारून ती मिळते, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिची विक्री गुन्हा आहे.

एवढा खर्च करून मिळणार काय, असे मुलगा विचारतो. मी म्हणतो, गिऱ्हाइकाने विचारले तर खरे उत्तर देता येईल. आणि परतल्यावर जिंतूर-गंगाखेडच्या धनगरालाही विचारावे लागेल, ‘बाबा, तुझ्या लोकरीला काय भाव मिळतो?’ हा सवाल मी तीस वर्षांत एकदाही केलेला नाही.