वेबसाइटसाठी मराठी मजकूर कसा लिहावा: वाचक, गुगल आणि भाकरी

मंडळी, वेबसाइटसाठी लिहिणाऱ्यांचे सध्या दोन पंथ आहेत.

पहिला पंथ म्हणतो, "आम्ही वाचकांसाठी लिहितो. गुगलबिगल आम्हाला ठाऊक नाही." ही मंडळी ज्वारीच्या भाकरीच्या कृतीला 'आठवणींचा खमंग दरवळ' असं नाव देतात, आणि मग कोणी वाचत नाही म्हणून हळहळतात. दुसरा पंथ लिहितो, "तुम्ही ज्वारीची भाकरी रेसिपी शोधत आहात का? या लेखात आपण ज्वारीची भाकरी रेसिपी पाहणार आहोत. ज्वारीची भाकरी रेसिपी महाराष्ट्रात अत्यंत लोकप्रिय आहे." यांच्याकडे वाचक येतो खरा, पण आल्या पावली परत जातो. तिसऱ्या वाक्याला मीही जातो.

माझं म्हणणं असं की दोन्ही पंथांचा गैरसमज एकच आहे. वाचक आणि शोधयंत्र ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत असं दोघंही धरून चालतात. अहो, शोधयंत्राला स्वतःचा प्रश्न नसतोच! त्याच्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी माणसानं टाइप केलेला असतो. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताला पीठ, आणि परातीत तुटलेली भाकरी. तो माणूस तुमचा वाचक. यंत्र फक्त पोस्टमन. पाकिटावर पत्ता नीट नसेल तर पोस्टमन पोचणार नाही, आणि पाकिटात पत्रच नसेल तर पोचून उपयोग नाही. इतकं साधं आहे हे.

आता थोडा इतिहास. (नमनाला घडाभर तेल नको, पाव वाटीच घेतो.)

१९९८ साली ब्रिन आणि पेज या जोडीनं गुगल काढलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना होती की एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पानं बोट दाखवतात यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. त्याआधी पानावर शब्द किती वेळा आलाय याला फार भाव होता, म्हणून लोक पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या माळा लपवायचे. पानाच्या पोटात 'कीवर्ड्स'चा एक टॅग असायचा, त्यातही वाट्टेल ते कोंबायचे. तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गुगलनं २००९ मध्ये जाहीर सांगून टाकलं. २०११ मध्ये 'पांडा' आला आणि रतीब घातल्यासारखा पातळ मजकूर छापणाऱ्या साइट्स खाली घसरल्या. २०१९ मध्ये 'बर्ट' आला आणि यंत्र सुटे शब्द न बघता वाक्यातले त्यांचे संबंध बघू लागलं. २०२२ मध्ये 'माणसांना उपयोगी पडणारा मजकूर' ओळखण्यासाठी वेगळी यंत्रणा आली, आणि मार्च २०२४ मध्ये ती मुख्य क्रमवारीतच मिसळली.

या सगळ्यात काय दिसतं? प्रत्येक वेळी एक युक्ती मेली आणि यंत्र वाचकाच्या अंगणाकडे एक पाऊल सरकलं. मग युक्त्यांचा क्लास लावण्यापेक्षा वाचकाच्या अंगणातच जाऊन बसलेलं काय वाईट?

तर भाकरीकडे येऊ. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा भाकरी करणारा मुलगा किंवा मुलगी गुगलला काय विचारेल? 'भाकरी का तुटते', 'भाकरी फुगत नाही', 'भाकरी कडक होते'. आणि आजी काय सांगेल? "पिठाला विरी नाही." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, धरून ठेवण्याची ताकद. पीठ जुनं झालं की विरी जाते. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे कणकेसारखं मळून मळून ते लवचीक होत नाही. गरम पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, आणि मग भाकरी थापता येते.

यात लिहिणाऱ्यासाठी अख्खा धडा आहे. 'तुटते' हा वाचकाचा शब्द, 'विरी' हा जाणकाराचा. फक्त 'विरी' लिहिलंत तर ज्याला गरज आहे तो तुमच्यापर्यंत पोचणार नाही, कारण त्याला तो शब्दच माहीत नाही. फक्त 'तुटते' लिहिलंत तर तो जसा आला तसाच परत जाईल. चांगलं पान वाचकाच्या शब्दानं दार उघडतं आणि त्याला जाणकाराचा शब्द देऊन पाठवतं. म्हणून शीर्षक 'ज्वारीची भाकरी का तुटते?' आणि पहिली ओळ 'बहुधा पीठ जुनं असतं किंवा पाणी पुरेसं गरम नसतं.' आजीच्या आठवणी त्यानंतर. त्या लिहू नका असं मी म्हणत नाहीये बरं का, पण तवा तापलेला असताना कोणी आठवणी वाचत नाही.

उत्तर वर ठेवा, हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. १९९७ साली याकोब नील्सननं लोक वेबपानं कशी वाचतात ते तपासलं, तेव्हा त्याच्या चाचणीतले ७९ टक्के लोक नवीन पान नुसतं नजरेखालून घालत होते. शब्द न् शब्द वाचणारे होते १६ टक्के. तेव्हा तर समोर मोठा मॉनिटर होता, आता लोकलमध्ये उभं राहून अंगठ्यानं सरकवतात. वर्तमानपत्रवाले बातमीचा गाभा पहिल्या परिच्छेदात देतात तो उगाच नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे खरं तर लगेच कळायला हवं. फंक्शनला 'काहीतरी_कर' असं नाव देणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये आपण सोडतो का? पानाचं शीर्षक म्हणजे फंक्शनचं नावच. तरी पण आमच्या एका प्रोजेक्टमधली गंमत सांगतो. मराठी मदतपानं होती, भाषांतर अगदी शुद्ध. एका पानाचं शीर्षक होतं 'परवलीचा शब्द पुनर्स्थापना'. आणि शोधखिडकीच्या लॉगमध्ये लोक काय टाइप करत होते? 'पासवर्ड विसरलो'. आणि हो, 'पासवर्ड विसरले' सुद्धा, कारण मराठीत विसरणारी बाई वेगळं क्रियापद वापरते! शीर्षक 'पासवर्ड विसरलात?' असं केलं, चार पायऱ्या वर आणल्या, प्रस्तावना उडवली. पुढच्या आठवड्यात सपोर्टच्या ताईंनी आपणहून विचारलं, "काय केलंत हो? फोन कमी झालेत."

वाचकाचा शब्द शोधायला महागडं टूल लागत नाही. शोधखिडकीत अर्धा प्रश्न टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा. ग्राहकांच्या मेल वाचा. फोन घेणाऱ्या माणसाला चहा पाजा.

आता मराठीची म्हणून जी खास दुखणी आहेत, त्यांच्याबद्दल. इंग्रजीतले 'दहा सोपे उपाय' छाप लेख वाचून ही कधीच कळणार नाहीत.

पहिलं दुखणं, विभक्ती. इंग्रजीत शब्द फारसा रूप बदलत नाही. आपल्याकडे विमा, विम्याचा, विम्यात, विम्यासाठी. मूळ शब्दातला 'मा' जाऊन 'म्या' येतो. मोठी शोधयंत्रं यातलं बरंच सांभाळून घेतात, पण साध्या जुळवणीवर चालणारा तुमच्या साइटचा स्वतःचा शोध 'विमा' टाकल्यावर 'विम्याच्या हप्त्याविषयी' हे पान दाखवणार नाही. उपाय सोपा आहे. शीर्षकात मूळ रूप येऊ द्या, जसं 'विमा हप्ता कसा भरायचा'. पुढे मजकुरात हवी तेवढी सामान्यरूपं वापरा.

दुसरं, एकाच गोष्टीची अनेक लेखनं. सातबाराच घ्या. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला हा उतारा. लोक त्याला 'सातबारा' लिहितात, 'सात बारा' लिहितात, '७/१२' लिहितात आणि इंग्रजी आकड्यांतही लिहितात. ही सगळी रूपं एका वाक्यात कोंबू नका. शीर्षकात एक, पहिल्या परिच्छेदात दुसरं, एखाद्या उपशीर्षकात तिसरं, असं बोलता बोलता येऊ द्या. माणूसही असंच बोलतो.

तिसरं दुखणं डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक नुक्तावाला ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. 'ॲप' मधल्या ॲ चंही तेच. २००८ पासून त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, पण अ वर चंद्र देऊनही तो काढता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे. ठरावीक 'नॉर्मलायझेशन' केलं तरी हे फरक जात नाहीत. म्हणून टीममध्ये पाच जण लिहीत असतील तर सगळ्यांचा कीबोर्ड एक ठेवा, आणि शोध बांधणाऱ्यानं दोन्ही रूपं एकत्र धरावीत.

चौथं, पत्ता. देवनागरीतला पत्ता ब्राउझरमध्ये झकास दिसतो, पण कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची मालगाडी होते. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरं. म्हणजे 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाचे होतात छत्तीस! मी तरी पत्ता रोमनमध्ये छोटासा ठेवतो आणि मराठीचा अभिमान मजकुरात दाखवतो.

पाचवं आणि सगळ्यात जुनं दुखणं, न शोधता येणारं मराठी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही पुढची कित्येक वर्षं मराठी साइट्स आपापल्या फॉन्टमध्ये चालायच्या. आत इंग्रजी अक्षरांचे कोड, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसेल तर पडद्यावर गिचमीड, आणि शोधयंत्राला तर सदैव गिचमीडच. वर्षानुवर्षांचं चांगलं लिखाण असं सापडेनासं झालं. आणि आजही आपण तेच करतोय की! पत्रक बनवायचं, त्याचं चित्र करायचं आणि तेवढंच साइटवर टाकायचं. कार्यक्रमाची तारीख, पत्ता, वेळ, सगळं चित्रात. चित्र जरूर टाका, पण त्याखाली तोच मजकूर अक्षरांतही लिहा. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही तेच वाचतो.

आता खरा प्रश्न. "अरे, आता गुगल वरच्यावर स्वतःच उत्तर देतं. लिहून करायचं काय?" रास्त आहे. यंत्रानं जुळवलेली उत्तरं गुगलनं मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात वर दाखवायला सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळालं तर तुमच्या पानावर कोण येणार? काही जण येणार नाहीत, हे मान्य करून टाकू. 'महाराष्ट्राची राजधानी कोणती' छाप पानांचे दिवस सरले, आणि त्याचं मला फारसं दुःख नाही.

पण यंत्र उत्तर आणतं कुठून? कुणीतरी लिहून ठेवलेल्यातूनच. विरीबद्दल कुणी मराठीत लिहिलंच नाही, तर भाकरीच्या प्रश्नाला गव्हाच्या पिठाचं उत्तर मिळेल, तेही अस्खलित मराठीत आणि पूर्ण आत्मविश्वासानं. मला भीती वाटते ती याची. इंग्रजीत एका प्रश्नाला हजार पानं आहेत, त्यातलं एक कमी झालं तर बिघडत नाही. मराठीत कित्येक प्रश्नांना दोन-चारच पानं असतात, आणि त्यातली तीन एकमेकांची नक्कल. तिथे तुमचं एक धड पान म्हणजे गावातली एकमेव विहीर असू शकते.

त्यामुळे माझा सल्ला असा. जे हातानं केलंय, बघितलंय, मोजलंय ते लिहा. कुठल्या पिठाला किती पाणी लागलं, अर्ज कुठल्या पायरीवर अडकला, दुरुस्तीला किती पैसे गेले. बदलणारी गोष्ट असेल, शुल्क किंवा वेळापत्रक, तर कोणत्या महिन्यातली माहिती आहे ते तिथेच लिहा. एक पान, एक प्रश्न. आणि छापण्याआधी पहिला परिच्छेद खोडून बघा. काही अडलं नाही तर तो नकोच होता.

हे सगळं करूनही पान पहिल्या क्रमांकावर येईल अशी हमी मी देत नाही. तशी हमी देणारे पैसे घेऊन देतात, त्यांच्याकडे जा. :-) पण जो येईल त्याची भाकरी तरी तुटणार नाही.

असो. बघा पटतंय का.