मखरापुढे काय अंथरावे?

गणरायाच्या मखरासाठी आपण रात्री जागवतो. दारापासून मखरापर्यंत काय अंथरावे, याचा विचार मात्र ऐनवेळी होतो आणि प्लॅस्टिकची चटई घरात येते. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसनासाठी कुश, अजिन आणि वस्त्र सांगितले आहे. त्यांतले वस्त्र तरी कोणत्याही घरास जड नाही!

भाद्रपदातील हवा ओलसर. तागाची पट्टी देखणी खरी, पण पाण्याने डागाळते, लवकर सुकत नाही आणि तिला बुरशी धरते. तीर्थ-पंचामृताजवळ ती नकोच. उंबऱ्याशी काथ्याचे पायपुसणे आणि आत सुती पट्टी, हेच आमचे मत. सुती पट्टी धुता येते. तागाची नुसती झटकावी, ऊन पडताच उलटी टाकून वाळवावी. समईखाली मात्र दोन्ही नकोत. ठिणगीस ताग काय, सूत काय, सारखेच.